युरोपातली सहा डिग्री

नोव्हेंबर उजाडला की आमच्या नोएडात दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी खिडकीबाहेर धूर, आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर कुणीतरी विचारणारं, ‘कर्नलसाहेब, मुलाकडे जर्मनीला निघालोय, जॅकेट किती जाड घेऊ?’ आता पुण्याहून, इंदूर-बडोद्याहून, बेळगावहूनही फोन येतात. मुलं तिकडे स्थायिक झालेली, दिवाळी उरकली की आईवडील निघतात. ख्रिसमसचे बाजार बघायला मिळतात, आणि आमच्या दिल्लीकरांना महिनाभर तरी धुरातून सुटका. प्रश्न सगळ्यांचा एकच. थंडी किती असते?

मीही मुलीला हाच प्रश्न विचारला होता. ती ब्रसेल्सला असते. म्हणाली, ‘बाबा, पाच-सहा डिग्री.’ मी हसलो. मी सॅपर माणूस, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचा. सियाचिनला राहिलोय, लडाखमध्ये रस्ते केलेत, उणे तीसमध्ये दाढी केलीय. सहा डिग्री म्हणजे आमच्या नोएडातली जानेवारीची पहाट. त्या वेळी मी मॉर्निंग वॉकला जातो. त्या हसण्यापायी माझा उजव्या पायाचा अंगठा जाता जाता राहिला. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

आधी आकडे देऊन टाकतो, कारण वह्या-पेन घेऊन बसलेली मंडळी असतील. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अॅमस्टरडॅम या पट्ट्यात दुपारी साधारण सात ते नऊ डिग्री आणि रात्री दोन ते चार. बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, झुरिकला दुपारी तीन-चार आणि रात्री शून्याच्या आसपास, कधी खाली. रोमला दुपारी तेरा-चौदा, बार्सिलोना-लिस्बनला पंधरा. एखादं वर्ष याहून थंड निघतं, एखादं उबदार. बर्फ दिसेलच असं नाही. सपाटीवरच्या शहरांत डिसेंबरच्या सुरुवातीला बर्फापेक्षा पाऊसच जास्त. फोटोत बर्फ हवा असेल तर डोंगरात जावं लागेल.

आता नकाशा उघडा. दिल्ली साडेअठ्ठावीस अक्षांशावर आहे, लंडन साडेएक्कावन्नवर. इतक्या उत्तरेला असून लंडनची नदी डिसेंबरात गोठत नाही, कारण अटलांटिकवरून येणारे पश्चिमेचे वारे समुद्राची ऊब घेऊन येतात. पण ते ऊब एकटी आणत नाहीत. सोबत ढग, ओल आणि वारा आणतात. पश्चिम युरोप कडाक्याच्या थंडीतून वाचतो तो या वाऱ्यामुळे, आणि महिनोन् महिने भिजतो तोही याच वाऱ्यामुळे. जसजसे पूर्वेला जाल, वॉर्सा वगैरे, तशी ओल कमी आणि कोरडी थंडी जास्त. आपल्या माणसाला ती कोरडी थंडी उलट सोपी जाते.

तिकडच्या पावसाची कल्पना आपल्याला येत नाही. ब्रसेल्सला अख्ख्या डिसेंबरात जेवढा पाऊस पडतो तेवढा मुंबईत जुलैच्या एका सकाळी पडून जातो. आपला पाऊस कोसळतो आणि मोकळं करतो. तिकडचा कोसळत नाही. भुरभुर, भुरभुर, दिवसभर. छत्री उघडावी इतका नसतो, आणि उघडलीच तर वारा ती उलटी करतो. तासाभराने कळतं की पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दमट आहेत. त्यात वाऱ्याचा हिशेब धरा. पाच डिग्री तापमान आणि ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला शून्य वाटतं. हे कोरड्या त्वचेचं झालं. ओल्याचं काय होतं ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट उजेडाची. माझ्या मते ही थंडीपेक्षा मोठी, आणि हिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. दिल्लीत सगळ्यांत लहान दिवससुद्धा सव्वादहा तासांचा असतो. लंडनला तो आठ तासांनाही पोचत नाही, स्टॉकहोमला जेमतेम सहा. ब्रसेल्सला नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो सव्वाआठनंतर आणि पावणेपाचच्या आत बुडतो. ‘सूर्य’ ही बोलायची पद्धत झाली. आम्ही तिथे होतो त्या पहिल्या आठ दिवसांत तो दीड वेळा दिसला. सौ. पहिल्याच दिवशी खिडकीत उभी राहून म्हणाली, ‘अहो, दिवेलागण झाली की!’ घड्याळात साडेचार. तिने सवयीने निरांजन लावलं, आणि मग जेवणापर्यंतचे साडेतीन तास काय करायचं हा प्रश्न पडला. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ती गप्प गप्प व्हायला लागली. मला वाटलं मुलीशी काही बोलाबोली झाली. तसं काही नव्हतं. उजेड नव्हता, एवढंच. मुलीने तिला रोज दुपारी बारा ते दोन बाहेर काढायचा नेम केला, ढग असो, भुरभुर असो, आणि फरक पडला. म्हणून सांगतो, घरात बसून राहू नका. हवामान सुधारल्यावर निघू म्हणालात तर मार्चपर्यंत बसाल.

आतबाहेरचा प्रकारही वेगळा आहे. आपल्या दिल्लीत हिवाळ्यात घर थंड आणि गच्ची उबदार. दुपारी शेंगदाणे आणि संत्री घेऊन वर जायचं, आणि घरात स्वेटर काढायचा नाही. तिकडे उलटं. घर, दुकान, ट्राम, संग्रहालय, सगळीकडे हीटिंग, वीस-एकवीस डिग्री. तुम्ही एकच एक जाडजूड जॅकेट घालून गेलात की आत घाम येतो, आतली सुती बनियन भिजते आणि बाहेर आलात की तीच अंगाला बर्फासारखी लागते. म्हणून पातळ थर घ्या, पटकन काढता-घालता येतील असे. आत लुधियानाची थर्मल, मध्ये लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, आणि वर पाऊस-वारा अडवणारं पातळ कवच. हे सगळं लाजपतनगरात, करोलबागेत किंवा लाल किल्ल्याजवळच्या तिबेटी बाजारात मिळून जातं. डोक्याला माकडटोपी चालेल, मुलं लाजतील, लाजू द्या.

वरच्या अंगाचं हे सगळं मी काटेकोर केलं होतं. चुकलो खाली.

ब्रसेल्सला जाण्यात माझा मुलीला भेटण्याखेरीज आणखी एक हेतू होता. फ्रान्सच्या उत्तरेला, लील शहराच्या नैर्ऋत्येला, न्यूव्ह शॅपेल नावाचं गाव आहे. २८ ऑक्टोबर १९१४ या दिवशी तिथे ४७ सिख पलटणीबरोबर आमच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या दोन कंपन्यांनी हल्ला चढवला. थर्ड सॅपर्स म्हणजेच आजचे बॉम्बे सॅपर्स. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी माणसं त्या दिवशी संगिनी लावून गावात घुसली, घराघरांतून लढली. कुमक आली नाही, आणि शेवटी मागे यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. खडकीला तरुण अधिकारी म्हणून दाखल झालो तेव्हा पहिल्या आठवड्यातच ही हकिकत ऐकली होती. तिथे आज भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. गोलाकार भिंत, त्यावर युनिटवार नावं, चार हजार सातशेहून जास्त. मध्ये जवळपास पंधरा मीटर उंच स्तंभ, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी त्याचं अनावरण झालं. चाळीस वर्षं मनात होतं, एकदा जाऊन सॅल्यूट करायचा.

२०२३ च्या नोव्हेंबरचा शेवट होता. त्या महिन्यात तो सगळा पा-द-कॅले प्रांत पुरात होता, आम्ही गेलो तेव्हाही शेतांत पाणी उभं दिसत होतं. जावयाच्या गाडीत तापमान दाखवत होतं सहा डिग्री. निघताना सौ. म्हणाली, ‘अहो, ते मजबूत बूट घाला.’ मी म्हटलं, शहिदांसमोर ट्रेकिंगचे बूट घालून जात नाहीत. ब्लेझर, पदकं, रेजिमेंटचा टाय आणि आदल्या रात्री आरशासारखे चमकवलेले काळे चामडी बूट. पातळ सुती मोजे. तिने पुढे काही म्हटलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तिला कळलंय की या बाबतीत बोलून उपयोग नसतो.

दिवसाची आखणीही मीच केली होती, आणि ती दिल्लीच्या उजेडाची होती. आधी बेल्जियमच्या हद्दीत ईप्रच्या बाजूला हॉलेबेक, जिथे ३१ ऑक्टोबर १९१४ ला १२९ बलुची पलटणीचा खुदादाद खान आपल्या मशीनगनवर एकटा उरेपर्यंत लढला. भारतीय सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो. मग न्यूव्ह शॅपेल. हॉलेबेकला बारा वाजले. तिथे शेताच्या कडेने चाललो तेव्हाच बुटांत पाणी शिरलं होतं. मी दुर्लक्ष केलं. न्यूव्ह शॅपेलला पोचायला सव्वादोन. आत ओलं गवत. सॅल्यूट केला, आमच्या सॅपर्सची नावं शोधून काढली आणि एकेक वाचू लागलो. मराठी घराण्यांतली नावं इंग्रजी अक्षरांत दगडावर. माझ्या सातारा जिल्ह्यातली आडनावं, शाळेतल्या हजेरीसारखी. नंतर मला खाज सुटली की त्या दोन कंपन्या कुठून कुठे गेल्या असतील ते पाहायचं. नकाशा हातात धरून बीट काढलेल्या शेताच्या बांधावरून गावाच्या दिशेने निघालो. ती माती तुम्ही पाहिली पाहिजे. चिकट, करडी, आणि आत पाय ओढणारी. वीस मिनिटांत परत फिरलो, पण तोवर पावलं बधिर झाली होती. थंड लागत नव्हती. काहीच लागत नव्हतं. आणि मला साखर आहे, चौदा वर्षांपासून. पायांना तसंही कमीच कळतं.

साडेचारला भिंतीवरची अक्षरं दिसेनाशी झाली. नावं अर्धी वाचायची राहिली.

गाडीत बसल्यावर मी जावयाला त्या माणसांबद्दल सांगत होतो. सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेला उतरलेली लाहोर डिव्हिजन, अंगावर सुती खाकी ड्रिल. लोकरीचे कपडे यायला वेळ लागला. तोवर फ्लँडर्सचा हिवाळा सुरू झाला. तिथली थंडी काही सियाचिनची नव्हे. बरेच दिवस शून्याच्या वरच. पण खंदकात गुडघाभर पाणी, आणि त्यात बूट न काढता दिवस दिवस उभं राहायचं. पाय सुजायचे, पांढरे पडायचे, मग निळे-काळे, आणि शेवटी कापावे लागायचे. ट्रेंच फूट. सुरुवातीला डॉक्टर त्यालाही हिमदंशच म्हणत. हिमदंशात मांस गोठतं, त्याला शून्याच्या खाली जावं लागतं. ट्रेंच फूटला गोठण लागत नाही. ओल, थंडी आणि वेळ पुरते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता खेचतं, आणि शरीर पायाकडचं रक्त आखडतं. पुढे सैन्यात हुकूमच निघाले: पाय कोरडे करा, तेल चोळा, मोजे बदला, एकमेकांचे पाय तपासा. सियाचिनला मी स्वतः जवानांचे पाय तपासायचो. ओले मोजे छातीशी ठेवून वाळवायचे, कोरडा जोड कायम पाठीवरच्या पिशवीत. आणि एक नियम मी शेकडो वेळा शिकवलाय: बधिर पाय कधीही शेकोटीला लावायचे नाहीत, कारण भाजलेलं त्याला कळत नाही.

हे सगळं मी गाडीत सांगत होतो, आणि माझे पाय सहा तास ओल्या चामड्यात होते.

घरी पोचलो सातच्या सुमारास. मुलगी भाकऱ्या करत होती. बूट-मोजे काढले. पाय पांढरेफटक, सुरकुतलेले, जशी बोटं खूप वेळ कपडे धुतल्यावर होतात. खुर्ची ओढली आणि दोन्ही पाय भिंतीवरच्या रेडिएटरला टेकवले. डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. सौ. चहा घेऊन आली आणि तिच्या हातातला कप खाली पडला. उजव्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या खालची कातडी फोडासारखी वर आली होती. मला अजून काहीही लागत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या फॅमिली डॉक्टरीणबाईंनी ड्रेसिंग केलं, साखर तपासली, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. सौ.च्या नजरेपेक्षा ते सौम्य होतं. दहा दिवसांची उरलेली सहल मी सोफ्यावर काढली. दिल्लीला आल्यावर जखमेत पू झाला. एक दिवस सर्जन म्हणाले, ‘अंगठ्याचं टोक काढावं लागेल का, ते सोमवारी ठरवू.’ तो शनिवार-रविवार मी कुणाशी बोललो नाही. भिंतीकडे तोंड करून पडून होतो. ते सॅपर ज्या पायांनी चालत गेले ते पाय, आणि माझे हे, पॉलिश केलेल्या बुटांतले. सोमवारी त्यांनी थांबायचं ठरवलं. जखम भरायला फेब्रुवारी संपला.

तेव्हा मंडळी, जॅकेटचं मला विचारूच नका. बुटाचं विचारा. पाणी आत न शिरणारे, घोट्यावर येणारे, तळ खडबडीत असलेले बूट घ्या, कारण ओल्या पानांवर आणि दगडी फरशीवर पाय घसरतो. पहाटे त्याच ओलीचा बर्फ होतो, काचेसारखा, दिसत नाही. मापाने अर्धा नंबर मोठे, म्हणजे लोकरी मोज्यांनी बोटं आवळली जाणार नाहीत. आणि इथेच घ्या, महिनाभर आधी. विमानतळावर जाताना नवे बूट घालणारा माणूस मी दुरून ओळखतो. खांद्यावरच्या पिशवीत मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये. पाय ओले झाले की जिथे असाल तिथे, कॅफेत, स्टेशनवर, बदला. लोक बघत नाहीत, आणि बघितलं तर बघू देत. ज्यांना साखर आहे त्यांनी रोज रात्री तळवे आरशात पाहायचे किंवा जोडीदाराला दाखवायचे. हीटर, रेडिएटर, गरम पाण्याची पिशवी, यांतलं काहीही पायाला थेट लावायचं नाही. कोरडे करायचे, मोजे चढवायचे, पांघरूण घ्यायचं, आणि वाट पाहायची.

इटलीला जाणाऱ्यांचा एक गैरसमज काढतो. इटली म्हणजे ऊन, असं सगळे धरून चालतात. रोमला सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबरातच पडतो. व्हेनिसला १२ नोव्हेंबर २०१९ ला समुद्राचं पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं आणि सेंट मार्क चौक बुडाला. आणि १९४३ च्या नोव्हेंबरात आठवी भारतीय डिव्हिजन, जिच्यात आपली मराठा पलटणही होती, सांग्रो नदीवर अडकली, ती जितकी जर्मनांमुळे तितकीच पुरामुळे. सॅपर्सनी बांधलेले पूल नदी घेऊन जायची, पुन्हा बांधायचे. तेव्हा तिथेही बूट.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांना मात्र एक युक्ती. खाली झुरिक, बर्न दिवस दिवस धुक्यात बुडालेलं असतं, आपल्या दिल्लीच्या जानेवारीसारखं. कारणही तेच. थंड जड हवा खाली साचते आणि उबदार हवा वर झाकणासारखी बसते. फरक इतकाच की दिल्लीत त्या झाकणाखालून निसटायला डोंगर नाही. तिकडे रेल्वेने किंवा केबल कारने हजारेक मीटर वर गेलात की निळं आकाश, कडक ऊन, आणि खाली ढगांचा समुद्र. नोव्हेंबरात बऱ्याच केबल कार दुरुस्तीसाठी बंद असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. सौ.ला मी तिथे न्यायला हवं होतं.

दिवसाची आखणी सूर्यास्तापासून उलटी करा. बाहेरचं, उघड्यावरचं जे पाहायचं ते अकरा ते तीनमध्ये. त्यानंतर संग्रहालय, चर्च, बाजार. बाजार तर अंधारातच बघायचे असतात. एका दिवसात उघड्यावरची एकच जागा. दोन केल्यात तर दुसरी अर्धी राहते.

माझी अर्धी राहिलेली नावं वाचायची आहेत. यंदा २० नोव्हेंबरचं तिकीट आहे. सौ. येतेय, अट अशी की हॉलेबेक नाही, फक्त न्यूव्ह शॅपेल, आणि अकरा वाजता तिथे हजर. ब्लेझर आणि पदकं चालतील, असं तिने मान्य केलंय. बूट तिने स्वतः निवडले, मातकट रंगाचे, दिसायला अगदीच बेडौल. गेले तीन आठवडे मी ते घालून सोसायटीत फिरतोय. काल लिफ्टमध्ये एका ब्रिगेडियरसाहेबांनी खाली बघितलं आणि विचारलं, ‘ट्रेकला?’ मी म्हटलं, ‘नाही सर. परेडला.’